बाणांचा कळप

वडगाव रासाईच्या गेणबा कोळप्याच्या तोंडी लागू नये, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. माणूस वाईट नव्हता. पण काठी, मेंढरू आणि भीमेचं पाणी यांतलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही असा त्याचा ठाम समज, आणि तो समोरच्याला पटल्याशिवाय गडी जागचा हलायचा नाही. कुणी नवी काठी घेऊन पारावर आला की गेणबा ती मागून घ्यायचा, एक डोळा मिटून तिच्या अंगावरून नजर टाकायचा आणि विचारायचा, "ही काठी हाय का इळा?" बिचारा दुसऱ्या दिवशी काठी घरी ठेवून यायचा.

उभं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. दिवाळी झाली की घोड्यावर संसार लादायचा, बायको रतनबाई, पोरं, कुत्री आणि कळप घेऊन घाटाकडं निघायचं, आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचं. पुढं जिकडंतिकडं ऊस झाला, उरलेल्या माळांना कंपन्यांची कुंपणं पडली, आणि गेणबाचे गुडघेही बोलायला लागले. थोरला हनुमंत कुरकुंभला औषधाच्या कारखान्यात लागला आणि दौंडला बिऱ्हाड करून राहिला. तो कळपामागं येणार नव्हता, आणि त्यानं यावं असं गेणबालाही मनातून वाटत नव्हतं. मग एका वर्षी कळप विकला. घरची थोडी शेती होती, खायची ददात नव्हती. पण सकाळी उठून कुणाला हाकायचं, हा प्रश्न राहिला. तो मग रतनबाईलाच हाकायला लागला. चहात साखर कमी का, दार उघडं का, कोंबडी ओट्यावर कशी आली. शेवटी रतनबाईनं एकदा हात जोडले. "आवं, म्या मेंढरू न्हाई. कायतरी काम बघा, न्हाईतर मीच जाते लेकाकडं."

काम आपल्या पायांनी चालत आलं, तेही दिवाळीच्या सुटीत. हनुमंताची पोरगी प्रगती दौंडला तिरंदाजी शिकत होती. तिला शिकवणारा शोएब कुरकुंभलाच शिफ्टमध्ये कामाला होता आणि सुटला की शाळेच्या मैदानावर पोरांना घेऊन उभा राहायचा. मैदानावर ती बांबूचं धनुष्य आणि लाकडी बाण घेऊन खेळायची. सुटीला येताना तिनं मधोमध मोडलेला एक बाण आणि वाकलेले तीन बरोबर आणले होते. गेणबानं वाकलेल्यातला एक उचलला, एक डोळा मिटला.

"हा बाण हाय का इळा?"

"विकतचे असेच येतात, आबा," प्रगती म्हणाली. "चार दिवस सरळ राहतात."

"म्या करून देतो. काठीच हाय की बारकी."

रतनबाईनं चुलीपुढूनच कपाळाला हात लावला. पण मनात म्हणाली, चला, माझ्या मागची इडापिडा टळली.

त्या थंडीत गेणबा नदीकाठच्या निरगुडीत शिरला आणि सरळसोट फोकांचे भारेच्या भारे तोडून आणले. सावलीत सुतळीनं करकचून बांधून टांगले. वाळल्यावर एकेक फोक निखाऱ्यांवर धरायचा, गरम झाला की अंगठ्यानं रेटून त्याचा बाक काढायचा आणि गार होईतो तसाच धरून बसायचा. धनगराची काठी अशीच सरळ करतात, त्यामुळे हात बसलेला होता. मग फुटक्या काचेच्या तुकड्यानं तासायचा. अंगणभर बारीक कीस उडायचा आणि रतनबाई झाडू घेऊन मागं उभी.

पहिला बाण तयार झाला तो घेऊन गेणबा स्वतः दौंडला गेला. शोएबनं तो हातावर तोलला, वाकवायला बघितला. बाण काही हू की चू करेना.

"आबा, हा बाण नाही. हा भाला झालाय."

"लवत न्हाई, ते चांगलं का वाईट?"

"वाईट. सुटताना बाणाला थोडं लवावं लागतं, तरच तो धनुष्याच्या अंगाला वळसा घालून सरळ जातो. ताठ बाण डावीकडं पळतो."

गेणबाला हे मुळीच पटलं नाही. आजवर त्यानं न लवणाऱ्या काठीचंच कौतुक केलेलं. पण प्रगतीनं तो बाण सोडला आणि तो टार्गेटच्या डाव्या बाजूनं निघून मैदानाच्या भिंतीला जाऊन लागला, तेव्हा गेणबाला डोळ्यांनी बघितलेलं खोटं म्हणता येईना. घरी येऊन त्यानं फोक बारीक तासायला घेतले. पिसांचीही अशीच गंमत झाली. शोएबचे वडील इनुसभाई चिकनच्या दुकानाबरोबर टर्कीही पाळायचे, त्यांनी पोतंभर पिसं दिली. गेणबानं हाताला येतील ती चिकटवली, तर बाण हवेत दारू प्यायल्यासारखे डुलत गेले. मग इनुसभाईंनी बसवून समजावलं की एका बाणाला एकाच बाजूच्या पंखाची पिसं लागतात, डावी तर सगळी डावी. गेणबानं ते ऐकून घेतलं. कुणाचं ऐकून घेताना त्याला त्या दिवशी बऱ्याच लोकांनी पहिल्यांदाच बघितलं.

असे करत करत आठ बाण उतरले. पिसं डिंकानं बसवून वर दोऱ्यानं आवळलेली, पुढं कारेगावच्या लेथवाल्याकडून आणलेली लोखंडी टोकं, मागं दोरीची खाच. बाण देखणे होते, त्यात वाद नाही. पण आठ बाणांच्या आठ तऱ्हा होत्या. फोक तो फोक, कुणाची गाठ इथं, कुणाची तिथं. एक जरा ताठ म्हणून किंचित डावीकडं ओढायचा, एक मवाळ म्हणून उजवीकडं, एक जड म्हणून खाली यायचा. दुसऱ्या कुणी ते तासून तासून सारखे करायचा प्रयत्न केला असता. गेणबानं काय करावं? त्यानं बैलाच्या शिंगांना लावायचे रंग काढले आणि प्रत्येक बाणाला पिसांपुढं वेगळ्या रंगाचे पट्टे ओढले. वर नावं दिली. बांडी, भुरी, झिपरी, लांबकानी, काळतोंडी, मोरी, अशी. विकलेल्या कळपातली नावं ती.

"ही बांडी," तो प्रगतीला सांगायचा. "ही डावीकडं तोंड घालती. तिला उजवीकडं दाबून धरायचं. झिपरी शाणी हाय, तिला काय बी सांगू नको. आन् ही भुरी जड, जरा वर धर."

पोरगीही आजोबाचीच. दोन महिन्यांत तिला आठही बाणांच्या खोडी पाठ झाल्या. रंग बघायची, मूठ तेवढी सरकवायची, सोडायची. बाण मधल्या पिवळ्या गोलात जायला लागले. शोएब खूश झाला, पण एक गोष्ट त्याला खटकत होती. त्यानं गेणबाला बाजूला घेऊन सांगितलं, "आबा, स्पर्धेत एका खेळाडूचे सगळे बाण दिसायला एकसारखे लागतात. तसा नियम आहे. जिल्ह्याच्या निवडीच्या आधी रंग एक करून घ्या."

"व्हय व्हय," गेणबा म्हणाला.

आता गेणबाचं 'व्हय व्हय' म्हणजे काय, हे रतनबाईला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. एका कानानं आत, दुसऱ्यानं थेट भीमेत. एकसारखी असते ती फरशी, असं त्याचं म्हणणं. आणि एवढ्या पोरांत कोण बसलंय पट्टे बघत?

निवड शिरूरच्या मैदानावर होती. प्रगतीचं सतरा वर्षांखालच्या गटातलं हे शेवटचं वर्ष. गेल्या वर्षी तिचं नाव थोडक्यात राहिलं होतं, तेही वाकड्या बाणांपायी, असं ती म्हणायची. यंदा जिल्ह्याच्या संघात चार मुली घेणार होते. त्यांत यायचंच, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. हनुमंताची शिफ्ट होती म्हणून गेणबाच तिच्याबरोबर आला. नवं धोतर, नवा पटका, आणि बाणांचा भाता स्वतःच्या खांद्यावर. पोरीच्याही हातात देईना.

सकाळी आधी सामानाची तपासणी. टोपी घातलेल्या एक पंचबाई टेबलामागं बसल्या होत्या. त्यांनी धनुष्य बघितलं, मग भात्यातून बाण काढून टेबलावर मांडले. हिरवा-पांढरा, निळा, लाल-काळा, नारिंगी. त्यांनी एक उचलून बोटांत फिरवला.

"कुणी केले?"

"म्या," गेणबा छाती काढून म्हणाला.

"फार सुंदर आहेत, आजोबा. पण हे चालायचे नाहीत. पट्टे सगळे एकच हवेत." बाई शांतपणे बोलत होत्या. "हिची फेरी जेवणानंतर आहे. तोवर एक करून आणा, मी परत तपासते. नाहीतर आयोजकांकडचे जादा बाण घ्या."

प्रगतीनं आजोबाकडं बघितलं. शोएबनंही बघितलं, आणि काही न बोलता बघितलं, ते जास्त लागलं. गेणबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक आपली आहे हे माणसाला कळलं की तो दुप्पट ओरडतो, तसंच झालं.

"देवानं दोन मेंढरं सारखी केली न्हाईत, आन् हे निघालेत सारखी करायला! पट्टा बघून बाण लागतो व्हय? चल गं प्रगते. घरी चल. न्हाई खेळायचं आपल्याला असल्यात."

त्यानं बाण गोळा केले आणि तरातरा कडुनिंबाच्या झाडाखाली जाऊन बसला. प्रगती मागं आली. रडत नव्हती, पण ओठ घट्ट मिटलेले.

"आबा, माझं शेवटचं वर्ष आहे."

"मग घी जा त्यांचे बाण."

"त्यांचे मला माहीत नाहीत. हेच माहीत आहेत. रंग काढू आपण."

"आन् वळखशील कशी?" गेणबा खेकसला. मग तो तिच्याकडं न बघता बोलायला लागला. "तुला सांगतो. कळप इकला तवा यापाऱ्याच्या माणसानं ब्रश आणला. लाल रंगाचा डबा आन् ब्रश. एकेकीच्या पाठीवर फटकारा वढला आन् गाडीत चढवली. निम्मा तास बी लागला न्हाई. म्या म्हनलं, काळतोंडीला एकदा हात लावावा, लई वर्साची हुती. गाडीत डोकावून बघतोय तर समद्या लाल. एकमेकीत दाटलेल्या. मला घावलीच न्हाई गं ती. तीस वर्सं तोंडावरनं वळखायचो म्या, आन् त्या दिशी घावली न्हाई."

हे त्यानं रतनबाईलाही कधी सांगितलं नव्हतं. प्रगती त्याच्या शेजारी मातीतच बसली. मैदानावर कुणाचा तरी बाण टार्गेटला लागल्याचा आवाज आला.

"रानातल्या वाड्यावर, मेंढरं बसवली की, काळोखात एखादी आजारी पडली तर?" तिनं विचारलं. "तेव्हा कुठं तोंड दिसायचं तुम्हाला?"

"तवा हातानं. पाठीवरनं हात फिरवला की कळायचं."

"मग काढा रंग. मी बघते."

गेणबानं तिच्याकडं बघितलं. तिला जमेल असं त्याला वाटलं नाही, खरं सांगायचं तर. पण पोरगी उठायला तयार नव्हती, आणि तिला आयोजकांच्या परक्या बाणांवर सोडून देणं त्याहून वाईट होतं. त्यानं पटक्याच्या टोकानं तोंड पुसलं आणि शोएबला हाक मारली.

शोएबनं कुठूनसा काचेचा तुकडा पैदा केला आणि दोघांनी खरडायला घेतलं. आता नवा रंग हवा, तोही झटपट वाळणारा. शोएब म्हणाला, "नेलपॉलिश. आणि आबा, ते तुम्हीच आणायचं." ही शिक्षा होती, आणि गेणबानं ती मुकाट्यानं घेतली. शिरूरच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानात पटकेवाला म्हातारा शिरला तेव्हा दुकानातल्या दोन बायका बाजूला झाल्या.

"नखाचा रंग द्या."

"कुणासाठी पाहिजे, मामा?" दुकानदारीण म्हणाली. "वय काय? गोऱ्या का सावळ्या?"

"निरगुडी हाय ती," गेणबा म्हणाला. दुकानदारणीला ते मुलीचं नाव वाटलं असावं. तिनं आधी लाल बाटली पुढं केली. गेणबानं हात मागं घेतला. "लाल सोडून. कुठला बी दे, लाल नको." मग हळदीच्या रंगाची एक बाटली निघाली, ती घेऊन तो निघाला.

जेवणाच्या सुटीत आठही बाणांना एकच पिवळा पट्टा बसला. गेणबानं बाण धरले आणि पट्टे प्रगतीनं ओढले. वाळल्यावर भात्यात टाकले तर खुद्द गेणबालाही वरून बघून सांगता येईना कुठला कोण. पंचबाईंनी पुन्हा तपासले, मान हलवली. "आता ठीक आहे. जा."

प्रेक्षकांना दोरीच्या मागं उभं राहायचं होतं. गेणबा दोरीला पोट लावून उभा राहिला. सोबत शोएब. प्रगती पाठमोरी, जराशी आडवी उभी होती, आणि पट्टे तर सगळे पिवळेच, त्यामुळे हातात कुठला बाण आहे हे दिसायला काहीच मार्ग नव्हता. दिसत होते ते फक्त तिचे हात आणि धनुष्य.

पहिला बाण. तिनं भात्यातून काढला, चढवला, मूठ सरळ धरली. सोडला. बाण डावीकडं जाऊन बाहेरच्या पांढऱ्या गोलात बसला.

"बांडी हुती," गेणबा पुटपुटला. "झिपरी समजून सोडली पोरीनं." उरलेलेही असेच जाणार. आपल्या हट्टापायी पोरीचं शेवटचं वर्ष वाया जाणार. शोएबनं आधी सांगितलं तेव्हा रंग एक केले असते तर तिला दोन महिने हातानं ओळखायला मिळाले असते. हे सगळं त्याला आता, दोरीला पोट लावून उभं असताना, एकदम कळलं. असल्या गोष्टी माणसाला नेमक्या अशा वेळीच कळतात.

प्रगतीनं दुसरा बाण काढला. पण चढवला नाही. ती तशीच उभी राहिली. धनुष्य कोपरात अडकवून बाण डाव्या हातात आडवा धरला आणि उजव्या हाताचा अंगठा टोकापासून पिसांपर्यंत सावकाश फिरवला. गाठीवर जरा थांबला, पुढं गेला. तिची मान थोडी वाकडी झाली होती. गेणबानं दोरी दोन्ही हातांनी धरली.

मग तिनं बाण चढवला. धनुष्य उचललं, आणि मूठ अगदी इतकीशी वर गेली.

"भुरी," गेणबा म्हणाला.

बाण सुटला आणि पिवळ्यात बसला.

तिसऱ्याला तिनं पुन्हा अंगठा फिरवला. मूठ डावीकडं सरकली. "लांबकानी," गेणबा म्हणाला. ती मवाळ, उजवीकडं ओढणारी. पिवळ्याच्या कडेला लागली. चौथ्याला मूठ जागची हलली नाही. "ही झिपरी. ही खरी झिपरी." बरोबर मधोमध. शोएब हसायला लागला होता, पण गेणबाचं त्याच्याकडं लक्षच नव्हतं. तो एकेक नाव घेत होता, आधी हळू, मग मोठ्यानं, आणि पंचांपैकी कुणीतरी वळून बघितलं तेव्हा शोएबनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. बोटांतून नावं येतच राहिली. दुसऱ्या फेरीत बांडी पुन्हा आली. अंगठा फिरला, मूठ उजवीकडं गेली, आणि बांडी या वेळी सरळ गेली.

निकाल वाचला तेव्हा संघातलं चौथं, शेवटचं नाव प्रगतीचं होतं. पोरी तिच्या गळ्यात पडल्या. शोएबनं शिट्टी मारली. गेणबा दोरीजवळच खाली बसला होता, पटका मांडीवर, आणि डोळ्यांतून पाणी चाललेलं, ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. तेवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. रतनबाईचा धीर सुटला होता.

"काय झालं? बोला की! झालं का?"

"एक सोडून समदी वळखली गं," गेणबा म्हणाला. "एकच चुकली. बाकी समदी वळखली तिनं. निसत्या हातानं."

पलीकडं रतनबाई ओट्यावर टेकली. इतकी वर्षं त्याच कळपामागं ती चाललेली बाई, तिला काही उलगडून सांगावं लागलं नाही. प्रगती धावत आली आणि आजोबाच्या हातातून फोन ओढून घेतला.

"आजी! अगं माझी निवड झाली!"

"कळलं मला ते मगाशीच," रतनबाई म्हणाली. "आता आधी आबाला पाणी पाज."